कार्यक्रम नको, आठवड्याचा एक तास द्या

प्रति,
विश्वस्त, व्यवस्थापक आणि मुख्याध्यापक,
महाराष्ट्रातील वृद्धाश्रम, पुनर्वसन केंद्रे आणि विशेष मुलांच्या शाळा

विषय : थेरपी कुत्र्यांच्या भेटींबाबत

स. न. वि. वि.

ज्येष्ठ नागरिक दिन, बालदिन किंवा संस्थेचा वर्धापनदिन जवळ आला की आमचे फोन वाजू लागतात. आम्ही थेरपी कुत्री सांभाळतो, म्हणजे उपचाराला मदत म्हणून माणसांना भेटायला नेली जाणारी, तपासून निवडलेली कुत्री. "दोन-तीन शांत कुत्री घेऊन या, सगळ्यांना बरं वाटेल." मग सभागृहात ७० खुर्च्या, मागे फ्लेक्स, माइकची शिट्टी, कुत्र्याच्या कपाळावर कुंकू, गळ्यात झेंडूचा हार. अर्ध्या तासात प्रत्येकाच्या वाट्याला फार तर वीस-पंचवीस सेकंद येतात. फोटो छान निघतात. मागच्या रांगेतल्या, ऐकू कमी येणाऱ्या आजींना काय झालं ते कळतही नाही, आणि ज्यांना खरोखर गरज होती ते बहुधा खोलीतून बाहेरच आलेले नसतात.

आपला हेतू चांगलाच असतो, त्याबद्दल शंका नाही. पण अशा बोलावण्यांना आता आम्ही नकार देणार आहोत. त्याऐवजी मागणं असं आहे : आठवड्यातला एक ठरलेला वार, एक तास, तोच कुत्रा, तोच हँडलर (कुत्र्याला सांभाळणारा, त्याच्यासोबत येणारा माणूस), चार ते सहा माणसं, निदान तीन महिने. आपल्या समुपदेशकाने किंवा फिजिओथेरपिस्टने प्रत्येकासाठी आधी एक उद्दिष्ट लिहून द्यावं. एवढं होणार असेल तर आम्ही येऊ.

हा हट्ट का, ते सांगतो. कुत्र्याचा उपयोग होतो तो ओळखीतून. १९६२ साली बोरिस लेव्हिन्सन या अमेरिकी बालमानसतज्ज्ञाने आपल्या जिंगल्स नावाच्या कुत्र्याबद्दल लिहिलं, तेव्हापासून या उपचाराची नीट चर्चा सुरू झाली. दक्षिण आफ्रिकेत ओडेंडाल आणि माइंट्येस यांनी २००३ मध्ये रक्ततपासणीतून दाखवलं की शांतपणे कुरवाळण्याने माणूस आणि कुत्रा दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन, म्हणजे जिव्हाळ्याशी जोडलेलं संप्रेरक, वाढतं. ताण दाखवणारं कॉर्टिसोल मात्र माणसांमध्ये उतरलं, कुत्र्यांमध्ये तशी ठळक घट दिसली नाही. या दुसऱ्या निष्कर्षाकडे पुन्हा यावं लागेल. जपानमधल्या नागासावा आणि सहकाऱ्यांच्या २०१५ च्या अभ्यासात कुत्रा आणि त्याचा मालक एकमेकांच्या डोळ्यांत जितका जास्त वेळ पाहत होते तितकं दोघांचंही ऑक्सिटोसिन वाढलं होतं. माणसांनी वाढवलेल्या लांडग्यांमध्ये हे घडलं नाही. मालक आणि त्याचा स्वतःचा कुत्रा, हे त्यातलं महत्त्वाचं. रांगेत उभं राहून वीस सेकंद पाठीवर हात फिरवण्याला हे निष्कर्ष लावता येत नाहीत.

आमच्या क्षेत्रातले लोक अजून एक आकडा हमखास फेकतात, म्हणून तोही सांगून टाकतो. १९८० मध्ये एरिका फ्रीडमन यांनी हृदयविकाराच्या ९२ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. घरी पाळीव प्राणी असलेल्या ५३ जणांपैकी वर्षभरात ३ दगावले, नसलेल्या ३९ जणांपैकी ११. आकडे खरे आहेत, पण ते प्राणी पाळण्याबद्दल आहेत, आठवड्याच्या भेटीबद्दल नाहीत. शिवाय ज्यांच्या अंगात प्राणी पाळण्याइतकं बळ असतं ते मुळात बरे असण्याचीही शक्यता असते. कुणी आपल्याला 'कुत्र्यामुळे हार्ट अटॅक टळतो' असं सांगून भेटी विकत असेल तर त्याला चहा पाजून निरोप द्या.

मग एका तासात नेमकं घडतं काय? अर्धांगवायूनंतर उजवा हात कमजोर झालेल्या माणसाचं उदाहरण घेऊ. त्याला हाताचे व्यायाम सांगितलेले असतात आणि तो कंटाळून ते सोडतो. कुत्र्याला रबरी चटई घातलेल्या बुटक्या बाकावर बसवायचं, म्हणजे त्याची पाठ खुर्चीतल्या माणसाच्या कोपराच्या उंचीला येते. हातात पट्ट्याचा रबरी ब्रश द्यायचा. पट्टा तळहाताच्या मागून बांधला की पकड नसली तरी ब्रश पडत नाही. तारांचा ब्रश नको, कारण दाब किती पडतोय ते अशा हाताला कळत नाही आणि कुत्र्याला ओरखडे येतात. मानेपासून खांद्यापर्यंत, केसांच्या दिशेने, दहा वेळा ब्रश फिरवायचा, मग विश्रांती, असे तीन वेळा. पुढच्या आठवड्यात कुत्रा चार बोटं लांब बसवायचा, म्हणजे कोपर जास्त उघडावं लागतं.

यात बिघडतं ते ठरावीक जागी. माणूस हात पुढे नेण्याऐवजी खांदा कानाकडे उचलतो. हे फिजिओथेरपिस्टने तिथल्या तिथे थांबवायला हवं, नाहीतर चुकीची सवय पक्की होते. म्हणूनच आपला थेरपिस्ट शेजारी हवा. आमचा हँडलर कुत्र्याकडे पाहत असतो, खांद्याकडे नाही. दुसरं, ताठर झालेली बोटं अचानक केसांत घट्ट मिटतात आणि उघडत नाहीत. अशा वेळी हात ओढायचा नाही. मनगट हळूच खाली, तळहाताच्या बाजूला वाकवलं की बोटं आपोआप सैल पडतात. तोवर हँडलर केसांच्या मुळाशी कातडी धरून ठेवतो, म्हणजे कुत्र्याला ओढ बसत नाही. हे दोघांनाही आधीपासून माहीत असावं लागतं. कार्यक्रमातल्या स्वयंसेवकाला ते माहीत नसतं, तो घाबरून हात खेचतो.

चालण्याच्या सरावाला दोन दोऱ्या लागतात : एक रुग्णाच्या हातात, दुसरी हँडलरच्या. रुग्णाची दोरी कुत्र्याच्या छातीच्या पट्ट्याला, सैल. कुत्र्यावर खरा ताबा हँडलरचाच. दोरी कधीही मनगटाला गुंडाळायची नाही, आणि वॉकरच्या पायांभोवती ती अडकत नाही ना हे पाहायला तिसरा माणूस हवा. पडण्याचे प्रसंग बहुतेक इथेच येतात. रक्त पातळ करणारी गोळी चालू असलेल्या आजोबांना साधा धक्काही महागात पडतो.

विशेष मुलांच्या शाळांसाठी थोडं वेगळं. स्वमग्न मुलांना कुत्रा आवडतोच असं नाही. ओल्या केसांचा वास, अचानक भुंकणं, हलती शेपटी हे काहींना सोसत नाही. पहिल्या एक-दोन वेळा कुत्रा खोलीच्या दुसऱ्या टोकाला चटईवर पडून राहील, बस. मूल स्वतः जवळ येईपर्यंत कुणी त्याचा हात धरून केसांवर ठेवू नये. शिक्षकांना हे फार अवघड जातं, कारण पालक दाराशी उभे असतात आणि 'प्रगती' दिसायला हवी असते. जवळ आल्यावर खाऊ तळहातावरून देण्याची घाई नको. लांब दांड्याच्या लाकडी चमच्यावरून दिला की दातांची भीती मध्ये येत नाही आणि पाळी पाळण्याचा सरावही होतो : आधी थांब, मग चमचा पुढे, मग दुसऱ्याची पाळी. ज्या मुलाला तोंडाने 'बस' म्हणता येत नाही त्याच्यासाठी हाताच्या खुणेवर बसणारा कुत्रा आणतो. आपल्या खुणेवर कुणीतरी बसलं, हे त्या मुलाला अगदी स्पष्ट कळतं.

वाचनात अडखळणाऱ्या मुलांनी कुत्र्याला गोष्ट वाचून दाखवायची, हा प्रयोग १९९९ मध्ये अमेरिकेतल्या सॉल्ट लेक सिटीत सुरू झाला आणि तो मराठी शाळेतही सहज करता येतो. जोडाक्षरावर गाडी अडली तरी कुत्रा दुरुस्ती करत नाही. अडचण एवढीच की मागे बसलेल्या बाई करतात! त्या १५ मिनिटांत बाईंनी एक शब्दही सुधारू नये. अडलेले शब्द वहीत टिपून घ्यावेत आणि दुसऱ्या दिवशी घ्यावेत.

स्मृतिभ्रंश झालेल्या माणसांसाठी वेळ सकाळची ठेवा, नाश्ता झाल्यावर, साधारण १० ते ११. संध्याकाळी अनेकांची अस्वस्थता वाढते. भेट प्रत्येकी दहा-पंधरा मिनिटांची, कुत्रा नेहमी समोरून येणारा, गळ्यात प्रत्येक वेळी त्याच रंगाचा रुमाल. "हा कोण, आठवतं का?" असं विचारू नका, ती परीक्षा होते. "हा मोती. याला कानामागे खाजवलेलं आवडतं," एवढं पुरे. पुढे कधी कधी गावाकडच्या कुत्र्याचं नाव निघतं, वाडा निघतो, शेत निघतं. बोलणं निघालं तर कुत्रा तिथेच ठेवावा, नाही निघालं तर नुसता कान खाजवणंही चालतं.

संमती सगळ्यांसमोर घेऊ नका. चारचौघांत 'मला भीती वाटते' म्हणणं ऐंशीच्या वयात जड जातं. कुणाला लहानपणी कुत्रा चावलेला असतो, कुणाचं सोवळं असतं, कुणाला धर्मामुळे कुत्र्याची लाळ चालत नाही पण कोरड्या पाठीवर हात फिरवायला हरकत नसते. प्रत्येकाला एकट्याने विचारा, आणि दर आठवड्याला नव्याने विचारा. काहींना खिडकीतून पाहायचं असतं. तेही उपस्थित धरा.

आता कुत्र्याबद्दल. गोंडसपणा हा निकष नाही आणि जातही नाही. लॅब्राडोर, गोल्डन रिट्रीव्हर माणसाळू म्हणून लोकांना ठाऊक आहेत, पण दाट केसांचा गोल्डन नागपूरच्या एप्रिलमध्ये धापा टाकतो, तर आखूड केसांचा देशी कुत्रा त्या हवेत बराच टिकतो. देशी कुत्री अनोळखी माणसाशी जपून वागतात, हेही खरं. म्हणून प्रत्येक कुत्रा स्वतंत्र तपासावा लागतो. वय किमान एक वर्ष, आणि हँडलरकडे निदान सहा महिने राहिलेला. पाठीमागे स्टीलचं ताट पाडलं तर तो दचकेल, दचकावंच. पण काही क्षणांत सावरून परत येतो का, हे पाहायचं. कुबड्या, चाकाची खुर्ची, वेडावाकडा हात, घट्ट मिठी, जमिनीवर पडलेली गोळी, समोरून आलेला दुसरा कुत्रा, या सगळ्यांत त्याला पाहिल्याशिवाय आत आणायचा नाही. आणि परीक्षा जोडीची असते. तोच कुत्रा दुसऱ्याच्या हातात दिला की तो 'तपासलेला' राहत नाही.

आपल्याकडे थेरपी कुत्र्यांना सरकारी प्रमाणपत्र देणारी यंत्रणा नाही. त्यामुळे जाकिटावर शिवलेला बिल्ला पाहून कुणाला आत घेऊ नका, आम्हालाही नाही. रेबीजच्या लसीची चालू नोंद, महानगरपालिकेचा परवाना, लेप्टोस्पायरोसिससह बाकीच्या लशी, दर तीन महिन्यांचं जंतनाशक, गोचीड-पिसवांचं औषध आणि पशुवैद्यकाचं अलीकडचं आरोग्यपत्र मागा. मुंबई-कोकणात पावसाळ्यात लेप्टोची नोंद जरा डोळ्यांत तेल घालून पाहा.

स्वच्छतेच्या नियमांत आम्ही अमेरिकेतल्या रुग्णालय-संसर्ग तज्ज्ञांच्या २०१५ च्या सूचना धरून चालतो. भेटीच्या आधी २४ तासांत अंघोळ, नखं कापून कानशीने घासलेली, दोरी दोन मीटरपेक्षा लांब नाही, एका हँडलरकडे एकच कुत्रा, भेट एका तासापेक्षा जास्त नाही. मागच्या ९० दिवसांत कच्चं मांस खाल्लेलं नको, कारण त्यातून साल्मोनेला हा जुलाब घडवणारा जंतू येऊ शकतो. उलटी, जुलाब, खोकला, कानाचा किंवा त्वचेचा संसर्ग झाला असेल तर बरं झाल्यावरही आठवडाभर सुट्टी. माजावर आलेली कुत्रीही घरीच. हात भेटीआधी आणि नंतर, दोन्ही वेळा धुवायचे. आधीचं धुणं लोक विसरतात, पण एका रुग्णाच्या हातावरचे जंतू केसांवरून दुसऱ्याकडे जातात, त्यात कुत्रा फक्त वाहक असतो. जुलाबाचे रुग्ण असलेल्या विभागात सॅनिटायझरवर भागवू नका. जुलाब घडवणाऱ्या क्लॉस्ट्रिडियम जंतूचे बीजाणू अल्कोहोलने मरत नाहीत, साबण-पाणीच लागतं. पलंगावर घ्यायचं असेल तर कुत्र्याखाली वेगळी चादर, आणि ती प्रत्येक रुग्णामागे बदलायची. स्वयंपाकघर आणि जेवणाची खोली वर्ज्य. उघडी जखम, केमोथेरपी, अवयव प्रत्यारोपण, प्लीहा काढलेली, दमा किंवा कुत्र्याची ॲलर्जी असलेल्यांना डॉक्टरांच्या लेखी परवानगीशिवाय भेट नाही. डायलिसिसच्या सुया जिथे टोचतात तो फिस्टुलाचा हात कुत्र्यापासून लांब, दुसऱ्या बाजूला.

इतकं करूनही एखादं नख लागतं. म्हाताऱ्या माणसांची कातडी पातळ असते, नुसत्या घर्षणाने सोलते. अशा वेळी 'लस झालेला कुत्रा आहे, काही होत नाही' असं म्हणून झाकू नका, आणि आम्ही म्हणालो तर ऐकू नका. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा, हळद किंवा तिखट काही भरू नका, आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. रेबीजची लस द्यायची का, रक्त आलं असेल तर जखमेत इम्युनोग्लोब्युलिन (रेबीजविरोधी तयार प्रतिपिंडं) द्यायचं का, हे ते ठरवतील. कुत्रा पुढचे दहा दिवस निरीक्षणाखाली राहील. घटना नोंदवहीत लिहा आणि घरच्यांना कळवा.

खाऊबद्दल जरा रागानेच लिहितोय, कारण सांगून थकलो. प्रसादाच्या शिऱ्यातले बेदाणे कुत्र्याचं मूत्रपिंड निकामी करू शकतात. चॉकलेट, कांदा, साखरेऐवजी झायलिटॉल घातलेल्या गोळ्या, सगळं विषारी. पेढा आणि ग्लुकोज बिस्किट विष नाही, पण प्रत्येकाने प्रेमाने एकेक दिलं तर रात्री जुलाब ठरलेले. खाऊ आमच्या डब्यातलाच द्यायचा, हरभऱ्याच्या दाण्याएवढा तुकडा. शाकाहारी संस्थांमध्ये चिकन आणणार नाही. पनीर किंवा उकडलेलं गाजर चालतं. जैन संस्था असेल तर गाजरही नको, उकडलेला लाल भोपळा आणतो. आधी सांगितलंत तर कुणाचंच मन दुखावत नाही.

त्या कॉर्टिसोलच्या मुद्द्याकडे आता येतो. कुत्र्यासाठी हे काम आहे, आणि त्यात त्याला ताण येतो. भूक नसताना ओठ चाटणं, झोप नसताना जांभया, तोंड वळवून डोळ्यांचं पांढरं दाखवणं, एक पंजा उचलून धरणं, गारव्यातही धापा, कोरडं अंग भिजल्यासारखं झटकणं, फरशीवर ओल्या पंजांचे ठसे. यातलं काही दिसलं की हँडलर भेट थांबवेल, रांगेत कितीही माणसं उरली असली तरी. त्या वेळी 'फक्त ट्रस्टींना एक फोटो' नको. कार्यक्रमात जे 'किती शांत आहे बघा' म्हणून कौतुक होतं, तो बऱ्याचदा गोठून गेलेला कुत्रा असतो : शेपटी खाली, कान मागे, शरीर ताठ. अशाच कुत्र्याच्या तोंडाजवळ मूल नेऊन फोटो काढले जातात.

त्याला पंखा आणि पाणी असलेली एक रिकामी खोली लागते, जिथे कुणीही डोकावणार नाही. गुळगुळीत ग्रॅनाइटवर त्याचे पाय घसरतात, म्हणून रबरी पट्ट्या लागतात. त्याच दिवशी दुसऱ्या संस्थेत तो जाणार नाही. दिवाळीचा आठवडा आणि विसर्जनाचे दिवस सुट्टी. उन्हाळ्यात अंगणात उतरायच्या आधी हाताची उलटी बाजू फरशीवर सात सेकंद ठेवून पाहावी; आपल्याला सोसत नसेल तर पंजालाही सोसणार नाही. भेटीच्या तासाला फाटक बंद असावं, बाहेरची कुत्री आत आली तर दोन्हीकडून भांडण पेटतं.

काय होणार नाही, हेही लिहून ठेवा. नैराश्याची गोळी बंद होणार नाही. मुलगा परदेशातून येत नाही याचं दुःख जाणार नाही. उरलेले सहा दिवस कर्मचाऱ्यांनी कोरडेपणा केला तर सातव्या दिवसाने तो भरून निघणार नाही. नोंदवहीत प्रत्येकाच्या नावापुढे एकच आकडा ठेवा : किती वेळा ब्रश फिरवला, किती पावलं चालले, किती वाक्यं बोलले, किती मिनिटं बसले. तीन महिन्यांनी काहीच हललं नसेल तर त्या व्यक्तीसाठी भेटी थांबवू आणि जागा दुसऱ्याला देऊ.

आणि कुत्रा म्हातारा होतो, मरतो. तेव्हा गुपचूप त्याच रंगाचा दुसरा लॅब्राडोर आणून उभा करायची सूचना हमखास येते. आजी-आजोबा ओळखतात. खरं सांगा, फोटो लावा, ज्यांना रडायचं त्यांना रडू द्या, आणि नवा कुत्रा नव्या नावाने येऊ द्या. शक्य असेल तर जुना निवृत्त होण्याआधी नव्याच्या दोन-चार भेटी एकत्र घडवतो, म्हणजे ओळख हातोहात दिली जाते.

तयारी असेल तर पहिल्या भेटीला आम्ही कुत्रा न आणता येऊ. तेव्हा चार ते सहा नावांची यादी आणि प्रत्येकाचं उद्दिष्ट तयार ठेवा. तासभर आमच्यासोबत थांबणाऱ्या एका कर्मचाऱ्याचं नाव ठरवा, दर आठवड्याला तोच माणूस. साबण असलेला नळ कुठे आहे ते दाखवा. जिना, लिफ्ट, फरशी, मागचं दार आम्ही स्वतः फिरून पाहू. शाळांनी सुरुवात जूनमध्ये नको, मुलं आधी वर्गात रुळू द्यावीत. जुलैच्या मध्यापासून चालेल. वेळ कळवताना स्वयंपाकघरात कुकर कधी लावतात तेही कळवा, शिट्ट्यांची वेळ सोडून तास ठरवू.

आपले,
थेरपी कुत्र्यांसोबत काम करणारे काही हँडलर, प्रशिक्षक, समुपदेशक आणि पशुवैद्यक